अठ्ठावीस सेल आणि एक फडकं

"गाडी बंद पडली की येतो," असं मास्तर एकदा जेवता जेवता बोलून गेले होते. ते मुलीच्या इतकं लक्षात राहील असं त्यांना वाटलं नव्हतं.

मुलीने तिच्या घराच्या तळमजल्यावर आईवडिलांसाठी खोली बांधून घेतली, त्याला दोन वर्षं झाली. दोन खिडक्या, स्वतंत्र बाथरूम, आणि बाथरूममध्ये धरायला दांडी. "बाबा, कधी येताय?" असं ती दर महिन्याला विचारायची आणि मास्तरांकडे दर महिन्याला नवं कारण असायचं. कधी हॉटेलचं काम, कधी शाळेच्या हॉलचा पडदा. शेवटी एकदा तिने वाढता वाढता हातातला डाव तसाच धरून, नवऱ्यासमोर विचारलं, "एकदाच काय ते सांगून टाका."

"अगं, गाडी आहे तोवर धंदा आहे," मास्तर म्हणाले. "गाडीत कापडाचं ठाण टाकायचं, लोकांच्या घरी जायचं, मापं घ्यायची, पडदे टांगून द्यायचे. गाडी बंद पडली की येतो. मी आणि तुझी आई, दोघं."

तिची आई, म्हणजे काकू, शेजारीच जेवत होत्या. पानातून एक निळा धागा काढून त्यांनी तो पानाच्या कडेला ठेवला.

मास्तरांच्या पडदे शिवण्याला चाळीस वर्षं झाली, आणि काकूंच्या ते पुरे करण्यालाही. बेतणं, कापणं, टीप घालणं मास्तरांचं. तुरपाई, हुक, आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी कापडावरच्या खडूच्या खुणा पुसणं काकूंचं. पुढच्या खोलीत लांब टेबल होतं. त्याच्या एका टोकाला मास्तर उभे असायचे, दुसऱ्या टोकाला काकू बसायच्या. जेवणही त्याच टेबलावर व्हायचं, कापड सरकवून.

सोमवारी गाडीत लाल त्रिकोणाचा दिवा लागला. गाडी पेट्रोल आणि बॅटरी, दोन्हींवर चालणारी. अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडून जुनीच घेतलेली. गॅरेजवाल्याने आत एक वायर खोचली, हातातल्या यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "मोठी बॅटरी गेली. मागच्या सीटच्या पाठची."

"दुरुस्त करता येईल?"

"दुरुस्त नाही करत कोणी. अख्खी बदलायची."

त्याने सांगितलेला आकडा ऐकून मास्तरांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. दोघांपैकी चेष्टा कोण करतंय ते त्यांना कळेना.

नुसत्या पेट्रोलवर गाडी हळूहळू हाकत ते घरी पोचले तेव्हा काकू फोनवर होत्या. बातमी त्यांच्या आधी पोचली होती; गॅरेजमधून त्यांनीच काकूंना फोन केला होता. "हो, बंदच म्हणायची," काकू मुलीला सांगत होत्या. "बॅटरी गेली. नाही, होत नाही म्हणे दुरुस्त." मग फोन ठेवून म्हणाल्या, "रविवारी सामानाची गाडी पाठवतेय."

"तिला इतक्या लगेच सांगायची काय घाई होती?"

"तिने विचारलं, जेवलात का. मी म्हटलं, बाबा गॅरेजमध्ये आहेत. आता पुढचं काय खोटं सांगू?"

 रविवार सहा दिवसांवर होता आणि मास्तर हट्टाला पेटले. "पडदा एके ठिकाणी फाटला म्हणून मी कोणाला नवीन खिडकी घ्यायला सांगत नाही," असं ते संध्याकाळपर्यंत तीन वेळा म्हणाले.

शेजारी वायरमन राहायचे. वीज कंपनीतून निवृत्त झालेले, पण हुद्दा अजून अंगावर होता. मंगळवारी मास्तरांनी त्यांना बोलावलं. ते आले ते कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि मीटर घेऊन, आणि दारासमोर उभ्या गाडीकडे बघत उंबऱ्यातच थांबले.

"मी हात लावणार नाही. बायकोला शब्द दिलाय. पण चुकलात की सांगेन."

"चुकायच्या आधी सांगा की."

"तेही सांगतो. ती नारिंगी कडी दिसतेय? ती ओढून काढा आणि दहा मिनिटं कशाला शिवू नका. सगळे सेल एकापुढे एक जोडलेत, दोनशेच्या वर व्होल्ट होतात. माणूस जागेवर जातो. सेल जोडणाऱ्या पट्ट्या सोडवल्या की मग एकेक सेल गरीब. आठ व्होल्ट फक्त. आणि काम करताना एक हात खिशात, म्हणजे शॉक छातीतून जात नाही."

मास्तरांनी पायजमा चाचपला. "खिसा नाहीये याला."

"शिंप्याच्या पायजम्याला खिसा नाही?"

"स्वतःचे कपडे शिवायला वेळ कोणाला आहे?"

काकूंनी स्वतःचा एप्रन आणून दिला. त्याला खिसा होता. पडदेवाले मास्तर वायरमनचे हातमोजे घालून, फुलाफुलांचा एप्रन लावून, डावा हात खिशात घालून, उजव्या हाताने गाडीची मागची बाजू उसवत बसले. उसवणं हा शब्द त्यांचाच.

पत्र्याचं झाकण निघालं तेव्हा पहिला उलगडा झाला. बॅटरीला थंड ठेवणारा एक छोटा पंखा होता. तो ज्या जाळीतून हवा ओढतो ती जाळी मागच्या सीटच्या बाजूला होती, आणि जाळीच दिसत नव्हती. अकरा वर्षं त्या सीटवर कापडाची ठाणं पडत होती. जाळीवर धाग्यांचा, कापसाचा, लवेचा बोटभर जाड थर बसला होता. मास्तरांनी तो सोलून काढला. थरात रंग होते. "हा हॉटेलचा मरून," ते म्हणाले. "हा दाताच्या डॉक्टरांचा निळा. आणि ही मखमल... ही शाळेच्या हॉलची."  बॅटरी गुदमरून गेली होती, आणि ती आपल्याच धंद्याने गुदमरवली होती.

बुधवारी अठ्ठावीस सेल लांब टेबलावर आले. पाठ्यपुस्तकाएवढे, काळपट राखाडी, एकासारखा एक. मास्तरांनी टेबलावरचा पांढरा खडू उचलला आणि प्रत्येकावर नंबर घातला. एक ते अठ्ठावीस. चाळीस वर्षं ते ज्यावर हात ठेवायचे त्यावर खडूनेच खूण करत आले होते. दुसरं काही त्यांच्या मनातही आलं नाही. मग वायरमनच्या सांगण्यावरून प्रत्येक सेलला हेडलाइटचा बल्ब जोडायचा, दोन मिनिटं जाळायचा आणि मीटरवरचा आकडा किती खाली येतो तो वहीत लिहायचा, असं चाललं. बुधवार गेला, गुरुवारची दुपार गेली. वहीत शेवटी तीन नंबरांभोवती गोल आले. नऊ, सतरा, अठरा.

"तीनच?" मास्तर म्हणाले. "अठ्ठावीस जणांत तीन नालायक? बरं आहे की. आमच्या नातेवाइकांत प्रमाण जास्त आहे."

"माझ्या की तुमच्या?" काकूंनी विचारलं.

"मोजले नाहीत अजून."

शुक्रवारी सकाळी मास्तर बसने गावाबाहेर गेले. तिथे अपघातात मोडलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक माणूस होता. त्याच्याकडून त्यांनी तीन चांगले सेल घेतले. त्याच्याकडे तेवढेच होते. दुपारी पिशवी छातीशी धरून ते घरी परतले. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत काकू टेबलाच्या आपल्या टोकाला बसल्या होत्या. हातात पांढरं फडकं होतं. आणि टेबलावर अठ्ठावीस सेल ओळीने लावून ठेवलेले होते. स्वच्छ, चकचकीत, कोरे.

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. एक सेल उचलला, उलटा केला, सुलटा केला. दुसरा उचलला.

"नंबर कुठेत?"

काकूंनी फडक्याकडे पाहिलं. मग सेलकडे. "पुसले," त्या म्हणाल्या.

"पुसले म्हणजे?"

"म्हणजे पुसले. खडू होता वर. धूळ होती. मी पुसायला घेतलं."

मास्तर खुर्चीवर बसले. वही उघडी होती. नऊ, सतरा, अठरा. आता अठ्ठावीसांपैकी कुठलाही नऊ होता. डोकं चालेना तेव्हा त्यांना राग आला, आणि राग आला तेव्हा तोंडातून ते निघालं. "मुद्दाम केलंस."

काकूंनी फडकं मांडीवर ठेवलं.

"तुला जायचंय तिकडे. पहिल्या दिवशी तिला सांगितलंसही तूच. मला सरळ सांगायचं ना."

"मुद्दाम नाही केलं," काकू सावकाश म्हणाल्या. त्या स्वतःलाच विचारून उत्तर देत असाव्यात असं वाटत होतं. "हात लागला तसा पुसत गेले. चाळीस वर्षं तुमचा खडू पुसतेय, हाताला काय कळतं हे बॅटरीचं आहे म्हणून? आठ-नऊ झाले आणि माझ्या लक्षात आलं, अरे, हे नंबर आहेत."

"मग?"

"मग थांबले."

"मग बाकीचे कसे पुसले गेले?"

"तेच कळत नाहीये मला." काकूंनी फडक्याची घडी घातली, परत उलगडली. "मला वाटलं, आता नऊ गेले तर उरलेल्यांचा काय उपयोग. मनापासून असं वाटलं, की ते निमित्त करून मी पुढे पुसत गेले, ते नाही सांगता येत. खरंच नाही सांगता येत हो."

मास्तरांनी भांडायची पूर्ण तयारी केली होती. समोरून भांडण आलंच नाही, त्यामुळे ती तयारी तशीच अंगात राहिली.

"तुला तिकडे नक्की काय आहे ग?"

"टेबल आहे," काकू म्हणाल्या. "मुलीने खोलीत जेवायचं टेबल ठेवलंय. त्यावर काही नसतं. मी मागे गेले होते तेव्हा सकाळी उठून नुसती त्याच्याशी बसले होते."

ही गोष्ट मास्तरांना नवीन होती. टेबलावर काही नसणं हे कोणाला हवं असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी वायरमन परत उंबऱ्यात उभे राहिले. झालेलं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "परत तपासा सगळे. बल्ब, दोन मिनिटं, वही. पण आता आकडे जुळणार नाहीत. एकदा तपासताना प्रत्येकातली वीज कमीजास्त गेलीय."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. दुपारपर्यंत अठ्ठावीस सेल पुन्हा तपासून झाले. या वेळी मास्तरांनी प्रत्येकाला दोऱ्याने कापडाची चिठ्ठी बांधली होती आणि चिठ्ठीवर नंबर पेनाने होते. दोन सेल सरळ सरळ पडले. बल्ब लावताच मीटरचा आकडा जिना उतरल्यासारखा खाली आला. ते दोघे नक्की. तिसरा मात्र सापडेना. कमजोर दिसणारे चार होते आणि चौघांचे आकडे इतके जवळ की मास्तर एकदा पाचव्या सेलवर बोट ठेवत, एकदा बाविसाव्यावर. बदली सेल तीनच. चुकीचा काढला तर दिवा पुन्हा लागणार, आणि उद्या रविवार.

"पाचवा," मास्तर शेवटी म्हणाले. "आकडा त्याचा सगळ्यात कमी आहे. केसभर, पण कमी."

"पाचवा नाही," काकू आपल्या टोकावरून म्हणाल्या.

"तुला काय माहीत?"

"काल पुसताना तीन ठिकाणी फडकं अडखळलं होतं. बाकीचे सपाट आहेत. तिघांची पोटं वर आलीत. दोन तुम्ही काढलेत तेच आहेत, मी बघितलं हात फिरवून. तिसरा हा." त्यांनी बाविसाव्यावर तळवा ठेवला.

मास्तर मीटरकडे बघू लागले, मग काकूंच्या हाताकडे. मीटर पाचवा म्हणत होतं. काकू बाविसावा म्हणत होत्या, आणि काकूंनीच काल नंबर पुसले होते. कापडात एक धागा ओढला गेला असेल तर काकूंचं बोट तो अंधारातही शोधतं, हे त्यांना माहीत होतं. पण ज्या बाईला जायचंय, तिच्या बोटाचं ऐकायचं? आणि नाही ऐकायचं म्हणजे ती खोटं बोलतेय असं म्हणायचं? चाळीस वर्षांत तिने एक हुक कमी लावला नव्हता. ते इतका वेळ तसेच उभे राहिले की उंबऱ्यातून वायरमन म्हणाले, "मास्तर, चक्कर वगैरे येत नाहीये ना?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली.

आधी त्यांनी पाचव्या सेलला विळखा घातला, कडेला आणि मग मध्यावर, अंगरख्याची छाती आणि कंबर मोजावी तसा. दोन्ही मापं सारखी. मग बाविसावा. कडेचं माप घेतलं. मध्यावर टेप आणली. टेप त्याच मापावर भिडेना. दोन सुतं, म्हणजे पाव इंच, कमी पडली. खात्री म्हणून त्यांनी सगळ्याच्या सगळ्या अठ्ठावीस जणांची कंबर मोजली. तिघे सुटलेले होते. दोन काढलेले, आणि बाविसावा.

"मीटरला पोट दिसत नाही," वायरमन म्हणाले. आवाजात थोडी माफी होती. "फुगलेला आधी काढायचा असतो, हे मला सांगायला हवं होतं. विसरलो."

"तुम्ही चुकलात की कोण सांगणार होतं?" काकूंनी विचारलं.

मग जोडणी. सेल उलटसुलट लागतात. एकाचं टोक इकडे, शेजारच्याचं तिकडे. मास्तरांनी एकेक ठेवायचा आणि काकूंनी ओळीच्या टोकाशी वाकून, मखमलीची लव एका अंगाला आहे का बघतात तसं बघायचं. काळवंडलेल्या तांब्याच्या पट्ट्या काकूंनी घासून लखलखीत केल्या. पट्ट्या चढायला लागल्यावर मास्तरांनी पुन्हा हातमोजे घातले, डावा हात एप्रनच्या खिशात गेला. जाळी धुतलेली होती. चार वाजता झाकण लागलं, नारिंगी कडी बसली. मास्तरांनी बटण दाबलं.

लाल त्रिकोण एकदा लागला, थोडा वेळ राहिला, आणि गेला.

वायरमन पहिल्यांदाच उंबरा सोडून गाडीपाशी आले आणि त्यांनी मास्तरांशी हात मिळवला. मास्तर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, मग मोठ्या रस्त्याला, मग चढावर. परत आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी मुलीला फोन लावला. "उद्या गाडी पाठवू नकोस. आपली चालू झाली. हो, घरी केली. तुझ्या आईने मदत केली." शेवटचं वाक्य त्यांनी जरा खालच्या आवाजात उच्चारलं. मुलगी पलीकडून काय म्हणाली ते काकूंना ऐकू आलं नाही, पण मास्तर बराच वेळ "हो ग, हो" करत होते.

त्या संध्याकाळी मास्तर खूश होते. पैज जिंकल्यासारखे खूश. फक्त काकू जिंकल्या की हरल्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्या नेहमीसारख्या टेबल आवरत होत्या.

रविवारी सकाळी मास्तर दाढी करून बाहेर आले तर काकू दारात उभ्या होत्या. शेजारी बॅग होती. मोठी नव्हे, मधली.

"हे काय?"

"गाडी चालू झाली ना? मग मला सोडून या तिच्याकडे."

"अगं पण... बंद पडली तर जायचं होतं. बंद नाही पडली."

"दोघांनी जायचं ते बंद पडली तर. ते तुमचं ठरलं होतं. माझं कोणी विचारलंच नव्हतं."

"किती दिवस?"

"महिना तरी. मग बघू."

मास्तरांनी पाच दिवस ज्यासाठी जिवाचं रान केलं होतं ते हेच होतं का, ते त्यांना आठवायचा प्रयत्न करावा लागला. इथे राहायचं म्हणून गाडी दुरुस्त केली. गाडी दुरुस्त झाली म्हणून ती निघाली. हिशेब कुठे चुकला तेही सापडेना, कारण प्रत्येक पायरी बरोबर होती. "मला न सांगता," एवढंच ते म्हणाले.

"काल सांगणार होते. तुम्ही इतके खूश होता."

बॅग मागच्या सीटवर ठेवली. काकूंनी जाळीसमोरून ती थोडी बाजूला सरकवली. रस्ता दीड तासाचा होता. पहिला अर्धा तास मास्तर गाडीच्या छोट्या स्क्रीनवरच्या बाणांकडे बघत राहिले. उतारावर वीज चाकांकडून बॅटरीकडे जात होती, चढावर उलट. सगळं जिथे जायला हवं तिथे जात होतं. एका पंपाशी त्यांनी गाडी उभी केली, उतरले, मागच्या काचेला हात लावून पाहिला, परत येऊन बसले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. ठीक आहे."

"मग थांबलात कशाला?"

त्यांनाही ते माहीत नव्हतं. "उद्या दाताच्या डॉक्टरांचे पडदे द्यायचेत," ते म्हणाले.

"आठवण आहे. दहा पडद्यांचे हुक राहिलेत."

"मग?"

"मग लावा. सुई आहे, दोरा आहे, चष्मा आत्ताच बदललाय तुम्ही."

मास्तरांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.  मुलीचं गाव जवळ आलं, ओळखीची दुकानं दिसू लागली. मास्तर समोर बघत म्हणाले, "हुकाला दोरा एकेरी घेतेस का दुहेरी?"

काकू पूर्ण वळून त्यांच्याकडे बघू लागल्या. "चाळीस वर्षं समोरच्या टोकाला उभे होतात ना हो?"

"माझं लक्ष कात्रीकडे असायचं."

"दुहेरी," काकू म्हणाल्या. "आणि मेणावरून ओढून घ्यायचा, नाहीतर गुंता होतो. शेवटी गाठ मारायची नाही. गाठ पुढून दिसते. तीन टाके मागे घ्यायचे आणि दोरा अस्तरात सोडायचा. अस्तरातच हं, कापडात नाही."

"तीन टाके मागे. कुठून मागे?"

"अहो, हुकाच्या पायापासून." त्यांनी स्वतःच्या पदराची कड बोटांत धरून दाखवली. मास्तर रस्ता आणि पदर आळीपाळीने बघत होते. "असं. इथून असं. कळलं?"

"नाही."

"परत बघा."

"वळण गेलं बहुतेक आपलं," मास्तर म्हणाले.

काकूंनी मागे वळून पाहिलं. मुलीची गल्ली, तिच्या कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, दोन्ही मागे पडली होती.

"पुढून वळा," त्या म्हणाल्या, आणि पदराची कड तशीच धरून पुन्हा पहिल्या टाक्यापासून सांगू लागल्या.